पॅकियाओ खांद्यानं हरला की मेवेदरच्या डोक्यानं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2 मे 2015 च्या रात्री लास वेगासमध्ये अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर आणि फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ हे दोन बॉक्सर समोरासमोर आले. आपल्याकडे तेव्हा 3 मेची रविवार सकाळ होती. वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत कबड्डी आणि क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर तावातावानं बोलणारे कमीच, पण ज्या चार-दोन गावांत पोलीस भरतीच्या तयारीसोबत ग्लोव्हज आले, तिथं ही लढत अजून संपलेली नाही. ज्या पोट्ट्यांनी ती तेव्हा पाहिली नव्हती, ते आता मोबाईलवर तुकडे पाहून भांडतात. मैदानावर आणि पानठेल्यावर तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे पूर्ण तटस्थ असतील असं समजू नका.

मुळात झालं काय होतं? थोडक्यात सांगा.

147 पाउंडांच्या, म्हणजे साधारण 66.7 किलोच्या गटातली लढत, तीन-तीन मिनिटांच्या 12 फेऱ्या. मेवेदर 38 वर्षांचा, तोवर 47 लढतींत एकदाही न हरलेला. पॅकियाओ 36 चा. पुऱ्या 12 फेऱ्या झाल्या, कोणी पडलं नाही. तिन्ही पंचांनी मेवेदरला विजयी दिलं. एकानं 118-110, बाकी दोघांनी 116-112. अमेरिकेत पैसे मोजून घरी पाहणाऱ्यांची 46 लाख कनेक्शनं विकली गेली. तो विक्रम होता. एवढा पैसा मोजल्यावर लोकांना रक्त पाहायचं होतं. मिळाला हिशेब.

भाऊ, खांद्याला खरंच लागलं होतं, की हारल्यावर काढलेली पळवाट?

खरंच लागलं होतं. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सराव चालू असताना पॅकियाओचा उजवा खांदा दुखावला होता आणि लढतीनंतर चौथ्या दिवशी, 6 मेला, लॉस एंजेलिसमध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली. रोटेटर कफ फाटला होता. खांद्याचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांच्या कंडरांना मिळून हे नाव आहे. पळवाटेसाठी कोणी खांदा कापून घेत नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. निकालानंतर लगेच रिंगमध्ये माईक समोर आला तेव्हा पॅकियाओ खांद्याबद्दल बोलला नाही. आपल्याला वाटतं आपणच जिंकलो, समोरच्यानं काही केलंच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. खांदा आला तो नंतरच्या पत्रकार परिषदेत. मी जिंकलोच होतो आणि मी खांद्यामुळे हरलो, ही दोन्ही विधानं एकाच रात्री एकाच माणसाच्या नावावर आहेत. त्याच्या बाजूनं भांडणाऱ्यांनी आधी यातलं एक निवडावं.

मेवेदरनंही आपले दोन्ही हात दुखावलेले होते असं सांगून टाकलं. त्याच्या हातांची दुखणी जुनीच, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. जिंकलेल्याचं दुखणं कोण मोजते!

मग आधी सांगितलं काहून नाही?

लढतीच्या आदल्या दिवशी नेवाडाच्या, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे तिथल्या, क्रीडा आयोगाचा वैद्यकीय फॉर्म भरायचा असतो. खांदा, कोपर किंवा हाताला तपासणी लागेल अशी काही इजा आहे का, असा त्यात प्रश्न होता. उत्तर ‘नाही’ असं गेलं. उत्तेजकविरोधी संस्थेला मात्र औषधांची कल्पना दिलेली होती. लढतीच्या संध्याकाळी त्याच्या लोकांनी टोराडॉलचं इंजेक्शन मागितलं. आयोगानं नाही म्हटलं. कागदावर इजा नाही, मग इंजेक्शन कशाचं?

आपल्याकडे दुखण्याचं इंजेक्शन म्हणजे अगदी साधी गोष्ट. कंबर धरली की टोचून घेतात आणि दुपारी वावरात. पण टोराडॉल, म्हणजे केटोरोलॅक, रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. ज्या माणसाच्या डोक्यावर पुढचा पाऊण तास ठोसे पडणार आहेत त्याला ते द्यायचं का, हा आयोगानं विचारायचाच प्रश्न आहे. पॅकियाओवर अन्याय झाला असं मला वाटत नाही. त्याच्या गटानं कागदाचं काम हलगर्जीपणानं केलं.

पॅकियाओ तर डावखुरा. उजव्या खांद्यानं काय फरक पडते?

इथं बहुतेकांची गल्लत होते. डावखुरा बॉक्सर उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून उभा राहतो. मोठा ठोसा डाव्याचा, पण वाट उजवा काढतो. उजव्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, समोरच्याच्या डोळ्यांपुढे नाचतो, त्याचा गार्ड, म्हणजे तोंडापुढे धरलेले हात, हलवतो, त्याला जागेवर खिळवतो, मग मागून डावा येतो. उजवा गप्प बसला तर डाव्याला कळतच नाही की माणूस नेमका किती अंतरावर आहे.

पॅकियाओच्या बाबतीत तर हे आणखी खरं. सुरुवातीच्या वर्षांत तो जवळपास एकाच हाताचा खेळाडू होता. फ्रेडी रोच या प्रशिक्षकानं त्याचा उजवा घडवला. त्याचं फळ पाहायचं असेल तर रिकी हॅटनची लढत पाहा. तारीख योगायोगानं 2 मेच, साल 2009. पहिल्या फेरीत हॅटनला आधी खाली बसवलं ते उजव्या हूकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं. दुसऱ्या फेरीत डाव्यानं कायमचं झोपवलं. म्हणून ‘लागलं तर उजव्याला, मग काय एवढं’ असं म्हणणाऱ्यानं अर्धाच पॅकियाओ पाहिला आहे.

आणि खांदा कधी जास्त दुखतो, तेही बघा. ठोसा लागला की समोरच्याच्या अंगावर हात थांबतो. ठोसा चुकला की हाताला थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या स्नायूंवर येतं, म्हणजे फाटलेल्या जागेच्याच आसपास. आणि समोर उभा कोण? ठोसे चुकवण्यात ज्याचा हात धरणारा त्या काळात कोणी नव्हता.

आकडे काय सांगतात?

आकडे दोन्ही बाजूंना दारूगोळा देतात, म्हणूनच भांडण मिटत नाही. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सनुसार मेवेदरनं 435 मारले, 148 लागले. पॅकियाओनं 429 मारले, 81 लागले. शंभरातले 34 विरुद्ध 19.

आता यातले फक्त जॅब काढा. पॅकियाओचे 193 पैकी 18 लागले. म्हणजे पूर्ण लढतीत उजव्या जॅबची कमाई फेरीमागे दीड.

खांदेवाले म्हणतात, बघा, हात मेला होता. डावपेचवाले म्हणतात, 193 फेकले ना? फेरीमागे सोळा. मेलेला हात सोळा वेळा बाहेर येतो का? माझा कल दुसऱ्यांकडे आहे, पण अर्धाच. फेकलेला जॅब आणि खरा जॅब यात फरक असतो. दुखऱ्या खांद्याचा जॅब बाहेर येतो, पण पूर्ण ताणला जात नाही आणि परत येताना खाली लोंबतो. चित्रण हळू करून पाहिलं तर काही फेऱ्यांत तो नुसता दाखवण्यापुरता येतो असं मला दिसतं. कोणाला तसं दिसत नसेल तर मी हट्ट धरणार नाही.

आता पॅकियाओ सोडून मेवेदरच्या आधीच्या गिऱ्हाइकांकडे वळू. सप्टेंबर 2013 मध्ये कनेलो अल्वारेझ त्याच्यासमोर होता. 23 वर्षांचा, ठणठणीत, अंगानं मोठा. 526 मारले, 117 लागले, शंभरात 22. धडधाकट कनेलोचे 22 आणि दुखऱ्या पॅकियाओचे 19. एवढ्या फरकासाठी खांद्याची गरजच नाही, मेवेदर पुरेसा आहे. डावपेचवाल्यांचा हा सगळ्यात पक्का मुद्दा, आणि बहुतेक वेळा ते हाच विसरतात.

खांदेवाल्यांचा सगळ्यात पक्का मुद्दा मार्कोस मायदाना. मे 2014 मध्ये त्यानं मेवेदरवर 858 ठोसे टाकले आणि 221 बसवले. तंत्र ओबडधोबड, पण दोन्ही हात थांबले नाहीत. हरला तोही, पण एका पंचानं बरोबरी दिली. म्हणजे मेवेदरला हैराण करायची वाट होती, आणि ती दोन्ही हातांनी सतत मारण्यातूनच जात होती. एकेकाळी, 2010 मध्ये जोशुआ क्लॉटीवर, पॅकियाओनं 1,231 ठोसे टाकले होते. मायदानाच्या वाटेनं जायला त्याच्याइतका लायक दुसरा कोणी नव्हता. पण 2014 च्या शेवटी, ख्रिस अल्जिएरीविरुद्ध, हाच आकडा 669 वर आलेला होता. तेव्हा खांदा फाटलेला नव्हता. वय फाटत चाललं होतं.

मेवेदरनं नेमकं केलं काय?

त्याचे हात 72 इंचांचे, पॅकियाओचे 67. हे पाच इंच त्यानं 12 फेऱ्या सांभाळले. डावखुऱ्यासमोर उजव्या हातानं सरळ सुरुवात करायची, जॅबची वाट न पाहता. तो सरळ उजवा पॅकियाओच्या पुढच्या हाताच्या वरून आत येत होता. पॅकियाओची सवय आत उडी मारण्याची आहे. तो उडी घेणार त्या क्षणी मेवेदर एक तर अर्धा पाऊल मागे असायचा, नाही तर इतका जवळ की ठोसा मारायला जागाच उरायची नाही. मग मिठी. रेफ्री केनी बेलेस सोडवणार, पुन्हा मधोमध, पुन्हा पाच इंच.

चौथी फेरी मात्र पाहाच. पॅकियाओचा डावा नीट बसला, मेवेदर दोरांना जाऊन टेकला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून बसला. स्टेडियम उठलं. पॅकियाओनं ठोशांचा पाऊस पाडला. मेवेदर त्यातून बाहेर आला तेव्हा तो मान हलवत होता, काही लागलं नाही म्हणून. लागलं होतं. पण पुढच्या फेरीपासून त्यानं अंतर आणखी वाढवलं आणि तसा प्रसंग पुन्हा फारसा येऊ दिला नाही. लढत तिथं ठरली असं मला वाटतं. एकाला आपला धोका कळला आणि त्यानं तो दुरुस्त केला. दुसऱ्याकडे दुसरी योजनाच नव्हती. ती खांद्यामुळे नव्हती की आधीपासूनच नव्हती, हा खरा वादाचा मुद्दा. रोचच्या कॉर्नरमधून, म्हणजे प्रशिक्षक बसतात त्या कोपऱ्यातून, पोटावर मारा, बाजूनं या, त्याची वाट अडवा असा काही बदल रिंगमध्ये दिसला नाही. दुखऱ्या उजव्यानंही पोटावर मारता येतं, कारण तिथं हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही.

मेवेदर तर नुसता पळाला, मिठ्या मारल्या. याले लढत म्हणते का?

म्हणते. ‘पळाला’ म्हणणाऱ्याला माझं एकच सांगणं: दोघांनी मिळून मारलेल्या ठोशांत जास्त कोणाचे होते ते वर बघा. पळणारा माणूस मारणाऱ्यापेक्षा जास्त ठोसे मारत नाही. कंटाळवाणी होती हे कबूल.

खांदा ठीक असता तर जिंकला असता का?

गुणांचा हिशेब मांडू. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9. 116-112 म्हणजे मेवेदर आठ फेऱ्या, पॅकियाओ चार. दोन फेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या तर 114-114, बरोबरी. तीन झाल्या तर 115-113 पॅकियाओ. तीनपैकी दोन पंच पुरेसे, म्हणून 118-110 वाल्याला सोडून द्या. प्रश्न एवढाच उरतो: चांगल्या खांद्यानं पॅकियाओला आणखी तीन फेऱ्या मिळाल्या असत्या का, आणि त्याही दोन्ही पंचांकडे?

एक मिळाली असती असं मी छातीठोक सांगतो. दुसरी कदाचित. तिसरीसाठी मला मेवेदरची चूक लागते, आणि त्या रात्री तो चुकत नव्हता. म्हणून माझं उत्तर: खांद्यानं लढतीतली चुरस नेली, निकाल नेला नाही. पानठेल्यावर हे ऐकून दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर सारखेच चिडतात.

2010 मध्ये झाली असती तर?

तेव्हा उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीच्या अटींवरून बोलणी फिसकटली. त्या वेळचा पॅकियाओ वेगळा होता, पण मेवेदरही 33 चा होता, पाय जास्त हलके. यावर पैजा लावू नका, वसूल होत नाहीत.

नुसत्या दुखापतीनं हरलेली मोठी लढत आहे तरी का?

आहे, आणि तीही खांद्याचीच. 1 एप्रिल 2000, बर्लिन. व्हिटाली क्लिच्को ख्रिस बर्डविरुद्ध नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे भरपूर पुढे होता. डाव्या खांद्याचा रोटेटर कफ फाटला आणि तो स्टुलावरून उठलाच नाही. जगज्जेतेपदाचा पट्टा गेला. पुढे असलेला माणूस थांबला, म्हणजे डावपेचांचा प्रश्नच नाही. तेव्हा त्याला भित्रा म्हणणारे होते. पुढची वर्षं पाहता ते तोंडघशी पडले.

दुसऱ्या टोकाला डेव्हिड हेय. 2011 मध्ये हॅम्बुर्गला व्लादिमिर क्लिच्कोकडून गुणांवर साफ हरला आणि पत्रकारांपुढे टेबलावर चढून पायाचं मोडलेलं बोट दाखवलं. बोट खरं असेलही. पण उंच माणसाच्या जॅबखालून आत कसं शिरायचं, याचं उत्तर त्याच्याकडे दहा बोटं शाबूत असती तरी नव्हतं.

आणि मधोमध युक्रेनचा बॉक्सर लोमाचेन्को. मे 2018 मध्ये लिनारेसविरुद्ध लढत चालू असतानाच उजवा खांदा गेला, सहाव्या फेरीत पडला, तरी दहाव्यात पोटावर मारून जिंकला. ऑक्टोबर 2020 मध्ये पुन्हा खांदा दुखत असताना टिओफिमो लोपेझपुढे तो अर्धी लढत नुसता पाहत राहिला. जागा झाला तेव्हा फेऱ्या निघून गेल्या होत्या. एकच माणूस, एकच खांदा, दोन निकाल. मधे फक्त समोरचा माणूस आणि योजना बदलली.

हारल्यावर दुखापत सांगितली की लोक चिडतात काहून?

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्याला हे विचारायची गरज नाही. जोडी मागे राहिली की मालक पहिल्यांदा खूर उचलून दाखवतो. खुरात खडा असतोही कधी कधी! पण जिंकलेल्या जोडीचा खूर कोणी उचलून पाहत नाही, म्हणून हरलेल्याच्या खड्यावर कोणाचा विश्वास नाही.

उलटं उदाहरण आपल्याच देशाचं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये सतीश कुमार आधीच्या लढतीत चेहऱ्याला झालेल्या जखमांवर टाके घालून उपांत्यपूर्व फेरीत उतरला. समोर जगज्जेता बखोदिर जलोलोव. 5-0 हरला. टाके नसते तर जिंकलो असतो असं काही त्याच्या नावावर नाही, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. जखम सगळ्यांना आधीच दिसत होती, हाही फरक आहेच. पॅकियाओचा खांदा आत होता, आणि फॉर्मवर ‘नाही’ होतं.

प्रेक्षकांनी कोर्टात केस केली होती म्हणे?

केली. दुखापत लपवून आम्हाला लढत विकली, पैसे परत द्या, असे बरेच दावे अमेरिकेत झाले. 2017 मध्ये ते फेटाळले गेले आणि 2019 मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. दोन नामवंतांची नियमाप्रमाणे पूर्ण लढत पाहायला मिळाली, ती आवडली नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत, असा मतितार्थ.

नंतर त्या खांद्याचं काय झालं?

बरा झाला. 9 एप्रिल 2016 ला पॅकियाओनं टिमथी ब्रॅडलीला दोनदा खाली पाडून गुणांवर हरवलं. 2019 मध्ये, चाळिशीत, कीथ थर्मनला हरवलं. मेवेदरशी मात्र लगेच दुसरी लढत झाली नाही, त्यामुळे खांदेवाल्यांना पडताळा मिळाला नाही आणि आपल्याला पानठेला मिळाला.

चित्रण पाहून दुखापत ओळखायची कशी?

ठोसा मारलेला नाही, परत येणारा हात बघा. धडधाकट हात गालापाशी परत येतो, दुखरा छातीपाशी. दुसरं, तो हात कोणता ठोसा टाळायला लागला ते बघा. खांदा गेलेला माणूस आधी लांबचा हूक सोडतो, मग जॅब आखडतो. तिसरं, विश्रांतीच्या मिनिटात कॉर्नरवाले कुठं हात लावतात. समालोचन बंद करून पाहिलंत तर निम्मं भांडण तिथंच मिटेल. आमच्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं 2021 मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत सोनं जिंकलं, त्या वजनगटातल्या लढतीही अशाच पाहा. जड गटात हात परत येण्यातला फरक डोळ्यांना जास्त सहज दिसतो.

आमच्या पोट्ट्याचा खांदा फवारणीनं दुखते. पुढच्या आठवड्यात बाउट आहे. उतरवू का दादा?

हा प्रश्न दर वर्षी कपाशीच्या दिवसांत येतो. 16 लिटरचा पंप भरून पाठीवर, एका हातात नळी, दुसऱ्या हातानं दांडा खालीवर. दांडा मारणारा खांदा संध्याकाळी भरून येतो आणि तोच पोरगा नंतर चिंध्या ठासलेल्या बारदान्यावर ठोसे मारायला उभा राहतो.

त्याला हात बाजूनं हळूहळू कानापर्यंत न्यायला सांगा. सुरुवातीला दुखत नाही, मधल्या टप्प्यात कळ येते आणि वर गेल्यावर कमी होते, असं असेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर हाडाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय उतरवू नका. नुसतं अंग भरून आलं असेल तर दोन-तीन दिवसांच्या आरामानं मोकळं होतं. दुखण्याचं इंजेक्शन घेऊन मात्र उतरवायचं नाही, तालुक्याची स्पर्धा असो की जिल्ह्याची. बाउटच्या आधी डॉक्टर तपासतात तेव्हा पोट्टे ‘काही नाही सर’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही सोबत जा आणि खांद्याचं नाव तुम्हीच घ्या. आणि त्या आठवड्यात पंप त्याच्या पाठीवर देऊ नका. गड्याला सांगा, नाही तर स्वतः मारा.